आठ रविवार, सात देह आणि एक गाठ

गेल्या मार्च-एप्रिलमध्ये जुळे सोलापुरात ‘माणसाची गूढ रचना’ या विषयाचा आठ रविवारांचा वर्ग झाला. मी तो शेवटपर्यंत केला. फी २,४०० रुपये, स्पायरल बाइंडिंगच्या वहीचे ३०० वेगळे. पुण्याला असलेल्या पोरीनं फोनवरून पैसे भरले आणि मला सांगितलं, "बाबा, घरी बसून आईला त्रास देण्यापेक्षा जा." संस्थेचं नाव इथं देत नाही. भांडायला लिहीत नाहीये, पण गप्प बसण्यासारखंही नाही. पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे म्हणतात, तेव्हा कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल.

आधी माझ्याबद्दल. वय ६२. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यात जेकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, तीस-एक वर्षं काढली, नंतर स्वतःचे चार माग टाकले, ते दोन वर्षांपूर्वी विकले. वडील जुन्या मिलमध्ये कामाला. त्यांना नामाचा नाद होता. सुट्टीला विजापूरच्या गाडीनं निंबाळला जायचे, गुरुदेव रानड्यांच्या आश्रमात, आणि आम्हा पोरांना तिथून चिरमुरे आणायचे. एवढंच माझं अध्यात्म. चिरमुरे आठवतात, प्रवचन एकही आठवत नाही.

जागा म्हणजे एका मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल. सकाळी साडेसातला सुरू, कारण दहानंतर तिथं पत्रा तापतो. आदल्या रात्रीच्या लग्नातल्या बटाट्याच्या भाजीचा वास पहिला अर्धा तास दरवळत राहायचा. प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि आमच्या ओळीच्या डोक्यावरचा पंखा दोनच वेगात चालायचा: बंद आणि वादळ. तिसऱ्या रविवारी हॉलवर साखरपुडा निघाला म्हणून आम्हाला गच्चीवर बसवलं. पहिल्या दिवशी ३४ लोक होते, शेवटच्या दिवशी मी मोजले तर १९.

शिकवणारे दोघं. पहिले पाच रविवार एक मॅडम, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. पुढचे तीन रविवार संस्थेचे सर, ज्यांच्या कॉलरला माइक असायचा. हॉल एवढासा, माइकची गरज नव्हती. वर्गाचं खरं परीक्षण एका वाक्यात करायचं तर एवढंच, की मॅडमसाठी जा आणि सर आले की उठा. पण कारण सांगितल्याशिवाय तुम्हाला पटायचं नाही.

मॅडमनी पहिल्या दिवशी भिंतीला एक तक्ता लावला. माणसाची बाह्याकृती, आणि भोवती कांद्याच्या पापुद्र्यासारखे सात रंग. सर्वांत आत स्थूल शरीर, मग लिंगशरीर, प्राण, काम, मनस, बुद्धी, आत्मा. मी म्हटलं हे तर आपलेच शब्द. मॅडम म्हणाल्या, "हो, पण ते कुठून फिरून आलेत ते ऐका." आणि मग त्यांनी सांगितलं ते मला सगळ्यात आवडलं. थिऑसॉफिकल सोसायटी, म्हणजे सगळ्या धर्मांतलं गूढ शोधणारी मंडळी, १८७५ साली न्यूयॉर्कात निघाली. ब्लाव्हाट्स्की नावाच्या रशियन बाई आणि ऑल्कॉट नावाचे अमेरिकन कर्नल १८७९ साली मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, तिथूनच मासिक काढलं आणि १८८२ च्या शेवटाला मद्रासच्या अड्यारला बिऱ्हाड हलवलं. इथल्या पंडितांकडून, बौद्धांकडून शब्द गोळा केले, त्यांची आपल्या पद्धतीनं जुळणी केली, इंग्रजीत छापलं. ते जर्मनीपर्यंत गेलं. आता त्याच इंग्रजीवरून मराठीत ‘इथेरिक देह’ आणि ‘ॲस्ट्रल देह’ म्हणून आमच्या वहीत आलंय. आमच्या धंद्यात असं होतं. इथला टॉवेल बाहेर जातो आणि तिकडचं लेबल लावून मॉलमध्ये परत दिसतो. शिवण उलगडून बघितली की आपलाच माल.

मात्र मॅडम त्यावर लगेच म्हणाल्या की काका, पूर्ण तसंही नाही, मधे खरंच काहीतरी वेगळं विणलं गेलंय. आणि सातच का, यावर घरातच भांडण होतं. सुब्बा राव म्हणून सोसायटीतले मोठे तेलुगू विद्वान होते. १८८६ साली अड्यारला गीतेवर बोलताना त्यांनी सात भाग बाजूला ठेवले आणि चारावर काम भागवलं. त्यावरून पुढच्या वर्षी मासिकात ब्लाव्हाट्स्कीबाईंशी त्यांचं जुंपलं. माझ्या शेजारी पूर्व भागातले एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले, गृहस्थ बसायचे. त्यांनी ‘तेलुगू’ ऐकलं आणि ताठ बसले.

किती देह, हा प्रश्न माझ्या डोक्यात तिथून घुसला तो घुसलाच. तैत्तिरीय उपनिषदात पाच कोश: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. प्रत्येकाला पक्ष्यासारखं डोकं, दोन पंख, धड आणि शेपूट. दासबोधात पिंडाचे चार देह, स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण, आणि ब्रह्मांडाचे चार धरून आठ. थिऑसॉफीत सात. ऑस्ट्रियाचे रुडॉल्फ श्टायनर मुळात चारच म्हणायचे: शरीर, प्राणदेह (वहीतला इथेरिक), भावदेह (वहीतला ॲस्ट्रल) आणि ‘मी’. हे श्टायनर १९०२ पासून सोसायटीच्या जर्मन शाखेचे प्रमुख. पुढे अड्यारवाल्यांनी कृष्णमूर्ती नावाच्या पोराला जगद्गुरू म्हणून पुढं आणलं, ते श्टायनरना मान्य नव्हतं आणि १९१३ पर्यंत दोन घरं झाली. गंमत म्हणजे त्या पोरानंही मोठं झाल्यावर, १९२९ साली, त्याच्यासाठी काढलेला संघ स्वतःच मोडून टाकला.

हे सगळं मॅडमनी सांगितलं. वहीत यातलं एकही भांडण नाही. वहीत सगळे एका सुरात बोलतात, जणू सगळ्यांनी एकाच ठेकेदाराकडून माल उचलला. ही वहीची मोठी खोट. ३०० रुपयांत १४ पानं तर दोनदा छापलेली आहेत.

मॅडमनी उदाहरण द्या म्हटलं तेव्हा मी जेकार्डचं दिलं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागाच्या डोक्यावर जेकार्ड असतं, त्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. कार्डाला भोक असेल तिथं सुई आत जाते, हूक उचलला जातो, त्याचा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खालीच. धोटा त्यातून बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन जातो. असं एकेक कार्ड पुढं सरकत चादरीवर मोर उमटतो. चादर विकली जाते, फाटते, फरशी पुसायला जाते. कार्डाची माळ खुंटीला टांगलेली राहते. ती पुन्हा चढवली की तोच मोर दुसऱ्या सुतावर. मी म्हटलं, लिंगशरीर म्हणजे हेच का? मॅडमनी खडू खाली ठेवला आणि मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. बोर्डावर सुई काढून दाखवली मी. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी जेकार्ड समजून घेण्यासाठी एवढं मन लावून ऐकलं.

घरी येताना माझं मलाच ते खटकलं. आमच्याकडे एकदा उंदरानं दोन कार्डं कुरतडली होती. नको तिथं भोकं पडली आणि चाळीसेक चादरींवर मोराचा एक पाय तिसरीकडेच निघाला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मोराकडे बघताना पायाकडे कोण बघतं. मग हे उंदराचं भोक कुणाच्या कर्मात धरायचं? आणि मुळात कार्ड पंच करणारा कोण? तो तर माळेत कुठंच नसतो, तो साखर पेठेतल्या खोलीत बसून चहा पीत असतो. पुढच्या रविवारी मी हे विचारलं तर मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "हा प्रश्न दोन हजार वर्षं चाललाय काका, नऊपर्यंत नाही संपायचा."

मधे एक आडबाजूची गोष्ट. श्टायनरच्या विचारावरची पहिली शाळा १९१९ साली श्टुटगार्टला निघाली, ती सिगारेट कारखान्याच्या कामगारांच्या पोरांसाठी. शाळेचं नावही कारखान्यावरून पडलं, वॉल्डॉर्फ. पोराला दुधाचे दात पडेपर्यंत, म्हणजे सातव्या वर्षापर्यंत, पाठांतराला जुंपू नका, त्याचा प्राणदेह अजून शरीर बांधण्यात गुंतलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. हे मी घरी सांगितलं. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या, बायकोही लग्नाआधी वळायची. ती म्हणाली, "आमच्या कारखान्यावाल्याला कुणी सांगितलं नाही का हे? आम्ही सातव्या वर्षी पानं कापत होतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, वर्गातही कुणाकडे नसतं.

आता त्या गाठीकडे येतो, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

चौथ्या रविवारी विषय झोपेचा. श्टायनर सांगतात की झोपेत भावदेह आणि ‘मी’ बाहेर पडतात, गादीवर फक्त शरीर आणि प्राणदेह उरतात, म्हणून श्वास चालतो, जखम भरते, पण जाणीव नसते. आपल्याकडे जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि चौथी तुर्या. मांडूक्य उपनिषद बारा मंत्रांचं, सगळं याच्यावरच. हे ऐकताना मला आमच्या रात्रपाळीचा एक माणूस आठवला. पहाटे तीन ते चारमध्ये तो उभ्या उभ्या झोपायचा. डोळे बंद, तोंड किंचित उघडं, घोरणं मागाच्या आवाजात ऐकू यायचं नाही पण छाती हलताना दिसायची. आणि ताण्याचा धागा तुटला की त्याचा हात जायचा, दोन टोकं शोधायचा, अंगठ्यानं बोटाशी पीळ देऊन गाठ मारायचा, जास्तीचं टोक तोडायचा आणि हात परत मांडीशी यायचा. मी त्याच्या तोंडासमोर टॉर्च धरून बघितलाय. पापणी हलली नाही. सकाळी विचारलं तर म्हणायचा, "काय बे, मी कुठं झोपलो?" आणि कापडात गाठ बरोबर जागेवर.

मी उभा राहून विचारलं: ‘मी’ जर बाहेर गेलेला, तर गाठ कोण मारत होतं?

मॅडम जरा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "श्टायनरच्या हिशोबानं सवय आणि स्मरण प्राणदेहात राहतं. तो तर जागेवरच आहे. म्हणजे हाताची सवय गाठ मारेल, इथपर्यंत बसतं." पुन्हा थांबल्या. "पण शेकडो धाग्यांत नेमका तुटलेलाच कसा सापडतो, ते मला सांगता येत नाही. मला माहीत नाही."

पाचव्या रविवारनंतर मॅडम गावी गेल्या. सर आले. मी सरांनाही तेच विचारलं. सर माइकमधून म्हणाले, "हे गुप्त ज्ञान आहे काका, दुसऱ्या स्तराच्या वर्गात उलगडेल." दुसऱ्या स्तराची फी ७,५०० रुपये.

झालं, माझ्यासाठी वर्ग तिथं संपला. उरलेले रविवार मी पैसे वसूल करायला गेलो.

सातव्या रविवारी ऑरा, म्हणजे माणसाभोवतीचं तेजोवलय, त्याचा फोटो होता, माणशी ७०० रुपये. तळहात एका धातूच्या पट्टीवर ठेवायचा, समोर कॅमेरा, आणि छापून येतं तुमचं तोंड भोवती रंगीत ढगासह. निळा म्हणजे शांत, लाल म्हणजे क्रोध-वासना वगैरे. हा रंगांचा अर्थ थिऑसॉफीतल्या लेडबीटर साहेबांनी १९०२ साली रंगीत चित्रांसह छापलेल्या पुस्तकाच्या वळणाचा, एवढं मॅडमकडून कळलं होतं. पण लेडबीटर म्हणायचे मला दिव्यदृष्टीनं दिसतं. इथं दृष्टी वायरमधून येत होती. मी इलेक्ट्रिकचं थोडं कामही केलंय, पट्टी बघूनच कळलं की हातातून वीज किती सहज जाते ते ती मोजते आणि कॉम्प्युटर त्याला रंग लावतो. घाम आला की रंग बदलणार. एप्रिलच्या सोलापुरात सकाळी नऊला सगळा वर्ग तांबडा-केशरी आला. सर प्रत्येकाला सांगत होते, तुमच्यात दडपलेला राग आहे. पद्मशाली गृहस्थांना राग नव्हता तोही आला. मी गार पाण्याची बाटली दहा मिनिटं हातात धरून बसलो, हात पुसला नाही, आणि गेलो. फोटो वेगळ्याच रंगाचा निघाला. सर म्हणाले, "दुर्मीळ आत्मा." बाटली माझ्या मांडीवरच होती.

मला याचा राग येण्याचं कारण ७०० रुपये नव्हे. ज्या गावात हा वर्ग भरतो ते सोलापूर आहे, आणि सात देहांच्या तक्त्यात सोलापूर कुठंच नव्हतं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं तळं खोदलं, ६८ लिंगं बसवली. आजही संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि आपण त्याला गड्ड्याची यात्रा म्हणून पाळण्यात बसून येतो. शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, परंपरेत स्थूल देहाला इष्टलिंग, सूक्ष्माला प्राणलिंग, कारणाला भावलिंग. म्हणजे देहाचा एकेक पदर आणि त्याला धरायची एकेक मूठ. त्याच परंपरेतले अल्लमप्रभू इथं आले आणि सिद्धरामांना म्हणाले की नुसती तळी खोदून काय होणार, आत खोद, अशी कथा कन्नड घराघरात सांगतात. बाळीवेशीत उभं राहून कुठल्याही म्हाताऱ्या आजीला विचारा, फी घेणार नाही. उलट हुग्गी वाढेल.

दुसरे सिद्धरामेश्वर तर अगदी अलीकडचे. सोलापूरजवळच्या पाथरीचे, जन्म १८८८, देह ठेवला १९३६ साली. कर्नाटकातल्या इंचगिरीच्या गुरुपरंपरेतले. त्यांची पद्धत म्हणजे हेच चार देह एकेक करून तपासत जायचं. स्थूल मी नव्हे, सूक्ष्म मी नव्हे, मग कारण देह, म्हणजे निव्वळ विसर, काहीच न आठवण्याची जागा. तिथं लोक घाबरून परत फिरतात. त्या विसराला ओलांडलं की महाकारण, नुसतं ‘मी आहे’ एवढं भान, आणि शेवटी तेही सोडायचं. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज मुंबईत विडीचं दुकान चालवायचे आणि साहेब लोक त्यांच्या माडीवर येऊन बसायचे. (सिगारेटची शाळा आणि विडीचं दुकान. तंबाखूचा आणि अध्यात्माचा काय संबंध आहे ते मात्र दुसऱ्या स्तरात नक्की उलगडत असेल.) हे मला कसं माहीत? वडिलांच्या ट्रंकेत पिवळ्या पडलेल्या प्रवचनांच्या वह्या होत्या. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्यांदा उघडल्या. तेवढे उपकार वर्गाचे मानतो.

आणखी एक गोष्ट फुकट गेली नाही. मॅडमनी श्टायनरचा एक अभ्यास दिला होता. रात्री आडवं पडल्यावर दिवस उलटा बघायचा, रात्रीपासून सकाळकडे, दुसऱ्या कुणाला बघतो तसं स्वतःला बघत. बाकीच्यांना अवघड गेलं, मला पहिल्याच रात्री जमलं, कारण कापडात चूक सापडली की आम्ही हेच करतो. माग उलटा फिरवायचा आणि एकेक बाणा काढत चुकीपर्यंत मागं जायचं. एका रात्री जेवणापासून सुरू केलं. आमटीत मीठ कमी म्हणून मी ताट सरकवलं होतं. त्याच्या मागं गेलो: दुपारी झोप नाही. त्याच्या मागं: रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून तोंड. त्याच्या मागं सकाळी साडेआठचा फोन. माझे माग घेणाऱ्यानं सांगितलं होतं की त्यातले दोन त्यानं भंगारात घातले. फोनवर मी फक्त "बरं, बरं" म्हटलेलं आठवत होतं. तो बाणा तिथं तुटला होता आणि मी दिवसभर खाली नुसतंच कापड काढत गेलो. बायकोला उठवून सांगावं वाटलं, पण ती झोपली होती. तिचा ‘मी’ बाहेर गेलेला असेल तर कशाला बोलवा.

तर हिशोब असा. पहिले पाच रविवार २,४०० रुपयांना महाग नाहीत. वही घेऊ नका, शेजाऱ्याची बघा. नाव नोंदवण्याआधी मॅडम किती रविवार आहेत ते विचारा, आणि तेवढ्याचेच पैसे घेता का तेही विचारून बघा. मला नाही म्हणाले, पण दोघाचौघांनी विचारलं तर ऐकतील. दासबोधातली ओवी कुणी चुकीची म्हटली तर मॅडम चिडतात, तेवढं सांभाळा. बसायला चादरीची घडी घेऊन जा, खुर्चीची पट्टी मांडीला रुतते. पंख्याखालची ओळ सोडा. पाण्याची बाटली न्या पण फार गार नको, ऑराच्या टेबलावर हात ओला दिसला तर आता ते फोटो दुसऱ्यांदा काढतात आणि पैसेही दुसऱ्यांदा घेतात.